यंत्र कुणाच्या घरात असावं?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. वाचनालयात एक जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता. फायबरची जोडणी नुकतीच आली होती आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका सभासदाने त्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून दिलं होतं. “आता आपली वेबसाइट यावरच चालवता येईल ना? आणि वाचनकक्षात बसणाऱ्या मुलांना यातूनच वाय-फाय दिलं तर?” त्यांनी विचारलं. ‘हो’ म्हणणं सोपं होतं, आणि ते खरंही होतं. तरी मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. लिनक्सला हे जमतं का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. उरलेत ते निराळे प्रश्न: पत्ता कुणाचा, राखण कुणी करायची, आणि उद्या काही विपरीत घडलं तर उत्तर कोण देणार. यावर जाणत्या माणसांतही एकमत नाही. ती चर्चा आज कुठवर आली आहे, ते इथे मांडतो.

टेबलावरचं यंत्र

वेबचा जन्म टेबलावरच्या एका यंत्रावर झाला. १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब सर्व्हर आपल्या नेक्स्ट संगणकावर चालवला. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईत लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्यावर चिकटवली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची प्रणाली सर्वांसाठी खुली केली.

तो नेक्स्ट संगणक महागडा होता, त्यावरची युनिक्स प्रणालीही त्या कंपनीची स्वतःची. स्वस्त पीसीवर तेच काम करता येऊ लागलं ते लिनक्समुळे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या प्रयोगाची घोषणा केली. पुढच्याच वर्षी तो जीपीएल परवान्याखाली आला, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. १९९५मध्ये अपाची हा वेब सर्व्हर आला आणि वर्षभरात जगात सर्वांत जास्त वापरला जाऊ लागला. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीला पुढे ‘लॅम्प’ म्हणू लागले. वेबच्या पहिल्या मोठ्या लाटेतला फार मोठा भाग या चौकडीने तोलून धरला.

आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. विद्यार्थ्यांना मिळायचं ते ‘शेल अकाउंट’: फक्त अक्षरं, चित्रं नाहीत. पीसी क्वेस्ट मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींमुळे लिनक्स घराघरांत पोचलं, आणि पुणे लिनक्स युजर्स ग्रुपसारख्या मंडळांत शिकवणारी माणसं भेटू लागली. त्या काळात लिनक्सचं नाव ज्या कामाने झालं ते वेबसाइट चालवण्याचं नव्हतं. एक फोनलाइन, एक मॉडेम आणि त्यावर वीस संगणकांची अख्खी लॅब, हे गणित लिनक्स सोडवून द्यायचं. मास्करेडिंग नावाची सोय आतल्या सगळ्या यंत्रांना एकाच पत्त्याआड बाहेर पाठवायची. स्क्विड नावाचा प्रॉक्सी एकदा आलेलं पान जपून ठेवायचा आणि दुसऱ्याला तेच परत द्यायचा. महागड्या मिनिटांच्या त्या दिवसांत ही बचत फार मोठी होती.

२००६मध्ये ॲमेझॉनने यंत्रं तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि वारं फिरलं. २०१६मध्ये त्यांचं मुंबई केंद्र सुरू झालं. तेव्हापासून ‘सर्व्हर घ्यायचा’ याचा रूढ अर्थ ‘सर्व्हर भाड्याने घ्यायचा’ असा झाला आहे. भाड्याच्या त्या यंत्रांवरही बहुतेक वेळा लिनक्सच असतं.

इंटरनेट वाटून देणं

वाटपाच्या कामात तंत्राचा वाद जवळजवळ संपला आहे. डिसेंबर २००२मध्ये लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राउटर बाजारात आणला. आत लिनक्स असल्याचं उघड झाल्यावर परवान्यानुसार कंपनीला २००३मध्ये मूळ प्रोग्रॅम खुला करावा लागला आणि त्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली. आज घराच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या डबीत बहुधा लिनक्सच असतं. त्यामुळे वेगळा संगणक लावून राउटर करण्याची गरज फारशी उरलेली नाही. अपवाद शाळा, वसतिगृह, वाचनालय अशा ठिकाणांचा. कुणी किती वापरायचं, रात्री काय बंद ठेवायचं, एकाच व्हिडिओपायी बाकीच्यांची गती मारली जाऊ नये, हे ठरवायला पूर्ण संगणक हाताशी असणं सोयीचं पडतं.

वाद आहे तो जबाबदारीचा, आणि त्याची एक गाठ आपल्या राज्यात बसली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं जो धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायमधून गेल्याचं तपासात दिसलं. घरमालकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्याने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याबाबत सूचना काढल्या. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारात पोलीस आधी येणार, ही जाणीव तेव्हापासून पक्की झाली.

दुसऱ्या टोकाला मोकळीक देण्याचा प्रयत्नही सरकारनेच केला. डिसेंबर २०२०मध्ये मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. पूर्वीच्या पीसीओसारखं ‘पब्लिक डेटा ऑफिस’ किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय, शुल्काशिवाय उघडता यावं, अशी तिची कल्पना. २०१८च्या दूरसंचार धोरणात २०२२पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय ठिकाणांचं लक्ष्य होतं. प्रत्यक्षात संख्या काही लाखांतच अडकली. छोट्या दुकानदाराला घरगुती दराने जोडणी द्यायची की कंपन्यांच्या महागड्या दराने, यावर वर्षानुवर्षं ओढाताण चालली. जून २०२५मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कमाल दराची मर्यादा घातली: दोनशे एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येणार नाही. एवढ्याने गाडी सुटेल का, हे अजून दिसायचं आहे.

खेड्यांसाठी वेगळी वाटही शोधली गेली. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून आणि बिनतारी दुव्यांवरून इंटरनेट नेऊन दाखवलं. २०१७मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिलं पारितोषिकही मिळालं. जाळं उभारता येतं, एवढं तिथे सिद्ध झालं. प्रकल्पाचा पैसा संपल्यावर गावाने ते कसं चालवायचं, याला सर्वांना पटलेलं उत्तर मात्र अजून नाही.

पत्त्याचा पेच

वेबसाइट घरातून चालवायची म्हटलं की पहिली ठेच इथे लागते, आणि बहुतेकांना ती लागेपर्यंत ठाऊकच नसते. वाचनालयात बसून मी राउटरचं पान उघडलं. ‘वॅन’ या शब्दासमोर चार आकड्यांचा पत्ता होता. त्यातला पहिला आकडा १००, दुसरा ८२. त्याच संगणकावरून बाहेरच्या एका साइटला ‘माझा पत्ता काय’ असं विचारलं, तर तिने भलताच पत्ता सांगितला. कार्यवाह खांद्यावरून पाहत होते. त्यांना वाटलं काहीतरी बिघडलंय. बिघडलं काहीच नव्हतं.

जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपला. मग कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्याआड शेकडो ग्राहक बसवू लागल्या. त्यासाठी २०१२मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा खास राखून ठेवला गेला. चाळीला रस्त्यावर एकच पत्ता आणि आतल्या खोल्यांना क्रमांकच नाहीत, असं काहीसं. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर तुमच्यापर्यंत येतं, पण तुम्हाला शोधत आलेला पाहुणा जिन्यातच अडतो. वेबसाइट म्हणजे तर येणाऱ्या पाहुण्यांचंच काम.

यावर तीन उपाय सांगितले जातात. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता घेणं, हा सरळ उपाय. मात्र अनेक घरगुती योजनांत तो मिळत नाही आणि काहींच्या अटींत सर्व्हर चालवायलाच मनाई असते. दुसरा उपाय आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचा. त्यात पत्त्यांची टंचाई हा प्रश्नच नाही. २०१६मध्ये जिओ आल्यापासून भारत या बाबतीत जगात आघाडीवर आहे, आपल्या वापरकर्त्यांपैकी निम्म्याहून जास्त जण त्यावर आहेत. पण ज्यांच्या ऑफिसात वा परदेशातल्या घरी ते नाही, त्यांना तुमची साइट दिसणार नाही. शिवाय बरेच राउटर बाहेरून येणारं सगळं मुळातच अडवतात. तिसरा उपाय बोगद्याचा: घरातलं यंत्र स्वतःहून बाहेरच्या एका यंत्राशी जोडलेलं राहतं आणि पाहुणे त्या बाहेरच्या दारातून आत येतात. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्या ही सोय फुकट देतात. भाड्याचं छोटं यंत्र घेऊन वायरगार्ड वापरून ती स्वतःही उभारता येते. वायरगार्ड २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पण बोगद्याचं दार ज्याच्या हाती, त्याच्यावर आपण विसंबून राहतो. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरमध्ये बिघाड झाला, तेव्हा तिच्यामागची असंख्य संकेतस्थळं ठणठणीत असूनही दिसेनाशी झाली.

दोन्हीकडचं म्हणणं

घरच्या यंत्राची बाजू घेणारे पहिली गोष्ट सांगतात ती ताब्याची. याहूने जिओसिटीज ऑक्टोबर २००९मध्ये बंद केलं. सप्टेंबर २०१४मध्ये ऑर्कुट गेलं आणि तिथल्या मराठी गप्पांचे, कवितांचे, भांडणांचे कट्टेही सोबत गेले. जे वेळेत उतरवून घेतलं गेलं तेच उरलं. याउलट १९९६मध्ये सुरू झालेली मायबोली अजून उभी आहे, कारण ती कुणा बड्या कंपनीच्या अंगणात वसलेली नव्हती. दुसरा मुद्दा शिकण्याचा. स्वतःचा सर्व्हर उभारणाऱ्या मुलाला डीएनएस, प्रमाणपत्रं, परवानग्या, बॅकअप हे सगळं हाताने करून कळतं. या मुद्द्याला माझ्या लेखी फार वजन आहे. ज्या माणसांनी पुढे मोठमोठ्या यंत्रणा सांभाळल्या, त्यांतल्या कितीतरी जणांची सुरुवात घरच्या जुन्या पीसीवर झाली आहे.

भाड्याच्या बाजूचं म्हणणं तितकंच ठोस आहे. डेटा सेंटरमध्ये दोन वीजवाहिन्या, जनरेटर, वातानुकूलन, दोन-तीन कंपन्यांच्या तारा आणि रात्री जागणारी माणसं असतात. घरात एक इन्व्हर्टर आणि रस्ता खणताना तुटणारी एक केबल. पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अचानक वीज गेली की मेमरी कार्डावर चालणाऱ्या छोट्या यंत्राचं कार्डच खराब होतं, हा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून जाणते लोक जुना लॅपटॉप वापरायला सांगतात, त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते.

खर्चाचा हिशेब दोन्हीकडून मांडला जातो, पण तो फार काळ वाद घालण्यासारखा नाही. साठ वॅट खाणारा जुना डेस्कटॉप वर्षभर चालू ठेवला तर सुमारे ५२५ युनिट लागतात. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला चारशेच्या वर. तेवढ्यात एक छोटा सर्व्हर भाड्याने मिळतो. पाच वॅटवर चालणाऱ्या रास्पबेरी पायला वर्षाला ४४ युनिट पुरतात, म्हणजे महिन्याला चाळीसेक रुपये. ‘जुना संगणक फुकट पडलाय’ हे वाक्य विजेचं बिल पाहिल्यावर टिकत नाही.

मोठ्या कामांत मात्र पारडं उलटं झुकताना दिसतं. ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीचं २०२२चं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. त्याच वर्षी तिने भाड्याचं घर सोडून स्वतःची यंत्रं घ्यायचं जाहीर केलं. पण ती यंत्रं तिने ठेवली भाड्याच्या डेटा सेंटरमध्येच. यंत्र आपलं, जागा आणि वीज दुसऱ्याची, ही मधली वाट आपल्याकडे छोट्या संस्थांना अजून परवडेल अशा दरात सहजासहजी मिळत नाही.

राखण

माझ्या घरी कपाटावर एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन हे लिनक्स. त्याचं एक पोर्ट बाहेर उघडं केलं त्या दिवशी चहा होईपर्यंत लॉगमध्ये पहिली टकटक आली होती. ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘पाय’ अशी नावं लावून कुणी अनोळखी यंत्र पासवर्ड चाचपडत होतं. सकाळपर्यंत अशा ओळी हजारावर गेल्या. माझ्यावर कुणाचा राग नव्हता. जगातल्या प्रत्येक पत्त्यावर रात्रंदिवस हे चालतं. पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त किल्लीच्या फाइलने आत येण्याची सोय ठेवली, आणि पाच चुकांनंतर पत्ता अडवणारं फेल२बॅन लावलं, की यातलं बहुतेक निष्प्रभ होतं. पण ते कुणीतरी करावं लागतं, आणि मग दर आठवड्याला पाहावं लागतं.

न पाहिल्याचं फळ २०१६मध्ये जगाने पाहिलं. मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले सुमारे साठ नाव-पासवर्ड वापरून लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर लाखांच्या घरात ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतली बडी संकेतस्थळं काही तास बंद पडली. ते कॅमेरे ज्यांच्या घरात होते, त्यांना पत्ताही नव्हता. सर्व्हर आपला असला तरी त्याच्याबाबतच्या निष्काळजीपणाचे भोग दुसऱ्याला भोगावे लागतात, ही भाड्याच्या बाजूची सर्वांत बिनतोड गोष्ट आहे असं मला वाटतं.

पण काळजी घेणाऱ्यालाही पूर्ण निर्धास्त राहता येत नाही. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की दूरच्या यंत्रात लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने खोदून काढलं तेव्हा एक्सझेड या लहानशा घटकात कुणीतरी चोरवाट पेरलेली सापडली. पेरणाऱ्याने त्यासाठी दोन वर्षांहून जास्त काळ विश्वास कमावला होता. प्रोग्रॅम खुला होता म्हणून ती सापडली, असं एक पक्ष म्हणतो. एका माणसाच्या चिकाटीवर जग वाचलं, ही काही व्यवस्था झाली का, असं दुसरा विचारतो. मला दोन्ही खरं वाटतं.

जे अजून सुटलेलं नाही

ई-मेल हा सर्वांत अवघड कोपरा. वेबसाइट घरून चालवणारे अनुभवी लोकही मेल सर्व्हर घरी ठेवू नका म्हणतात. बऱ्याच घरगुती जोडण्यांवर त्याचं २५ क्रमांकाचं पोर्टच बंद असतं. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहूने पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले. स्पॅमला त्याने आळा बसला, पण छोट्या सर्व्हरचं पत्र पोचेल याची खात्रीही कमी झाली. खुल्या मानकांवर उभी राहिलेली ही सेवा मोजक्या कंपन्यांच्या मर्जीवर चालावी का, याचं उत्तर कुणाकडे नाही.

संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांचा प्रश्न डिसेंबर २०१५मध्ये लेट्स एन्क्रिप्टने फुकटात सोडवला. आता त्यांची मुदत टप्प्याटप्प्याने घटून २०२९पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे. स्वयंचलित नूतनीकरण लावलेल्यांना काही फरक पडणार नाही, हाताने करणाऱ्यांना ते झेपणार नाही.

नवी चिंता आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर उपसणाऱ्या बॉटची. जानेवारी २०२४पासून माध्यम-फायलींसाठीची आपली वाहतूक निम्म्याने वाढल्याचं आणि तिचं कारण मुख्यतः बॉट असल्याचं विकिमीडियाने २०२५मध्ये सांगितलं. त्यांच्याकडे ते पेलण्याची यंत्रणा आहे. पाच वॅटच्या यंत्रावर असा लोंढा आला तर ते बसतं, आणि त्यापासून वाचायला पुन्हा मोठ्या कंपनीच्या आडोशाला जावं लागतं.

कायद्याचं चित्रही अर्धंच स्पष्ट आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. हे निर्देश कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत. दोन पगारी माणसं असलेल्या वाचनालयाने ते कितपत आणि कसे पाळायचे, हे सोप्या मराठीत सांगणारी पुस्तिका कुणीतरी काढायला हवी.

वाचनालयाचं काय झालं

आठ दिवसांनी मी कार्यवाहांना माझं मत सांगितलं. वेबसाइट भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ठेवा आणि तिची पूर्ण प्रत रोज संध्याकाळी वाचनालयातल्या यंत्रावर उतरवा. डेस्कटॉपला वाचनकक्षापुरतं काम द्या: वाय-फायची राखण, आणि किविक्स वापरून मराठी विकिपीडियाची ऑफलाइन प्रत. त्यासाठी बाहेरचा पत्ता लागत नाही, आणि केबल तुटली तरी मुलांचं वाचन थांबत नाही. यंत्र रात्री बंद ठेवता येतं, त्यामुळे बिलही आटोक्यात राहतं. ज्या सभासद मुलाने लिनक्स टाकलं होतं, त्यालाच दोन्हीकडची देखभाल शिकवायचं ठरलं, आणि त्याच्या जोडीला आणखी एकाला, कारण एकजण नोकरीला गेला की सगळं थांबतं.

हे सगळं मार्गी लागत असताना लक्षात आलं की वाचनालयाच्या डोमेनची नोंदणी सहा वर्षांपूर्वी साइट बनवून देणाऱ्याच्या खासगी ई-मेलवर होती. मुदतवाढीच्या सूचना तिकडेच जात होत्या, तो पत्ता वापरात नव्हता, आणि मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. सर्व्हर घरी असो की मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, नाव हातचं गेलं असतं तर दोन्हींचा उपयोग नव्हता. तुमची शाळा, मंडळ, वाचनालय वा दुकान यांची वेबसाइट असेल, तर तिचं डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, एवढं आजच पाहून घ्या.